शेजारच्या खाटेवरचे चॅम्पियन

मित्रांनो, आज सकाळी धंतोलीच्या दवाखान्यात बाबा अडूनच बसले. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण पाय खाली ठेवेनात. "मले नाही जमत वं," म्हणाले.

शेजारच्या खाटेवर वानखेडेकाका होते. एकेकाळचे डेकॅथलॉन चॅम्पियन. म्हणजे दोन दिवसांत धावणं, उड्या, भालाफेक असे दहा खेळ. सव्विसाव्या वर्षी अडथळ्यांच्या शर्यतीत गुडघा गेला आणि सगळं थांबलं. त्याच गुडघ्याचं परवा पुन्हा ऑपरेशन झालं.

"काका, वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. लय रडलो. पण बांबूउडीत मी नेहमी शेवटचाच यायचो. तरी पुढच्या खेळाले उठायचो, म्हणून तर जिंकलो."

मग वॉकर धरून ते बाबांना म्हणाले, "चला भाऊ, दरवाज्यापर्यंत जाऊ."

बाबा उठले. दारात पोचल्यावर काकांचा हात धरून रडले.

या माणसाचं नाव मी कधी ऐकलंही नव्हतं. तुम्हाला भेटलंय का असं कोणी?