बांगड्या सांभाळणारा

थंड हवेच्या ठिकाणी गेलो की मी कठड्याला टेकून दरी बघतो आणि भाजलेलं कणीस खातो. यंदा मात्र बायको म्हणाली, "मी त्या कातळावर चढणार." चढताना हातात काही चालत नाही, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी तिला बांगड्या काढायला लावल्या. त्या माझ्याकडे आल्या.

निम्म्यावर कातळाला पोट सुटलंय, माझ्यासारखंच. तिथे ती दोनदा घसरून दोराला लटकली.

"उतर आता! झाली ना हौस?" मी ओरडलो.

"अहो, गप्प बसा जरा. पाय ठेवायला जागा शोधतेय."

तिच्या बुटाचं टोक कातळ चाचपत राहिलं, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. घरीही मी खालूनच सूचना देत आलो आणि ती जागा शोधत आली. हातात कणीस नव्हतं, म्हणून बहुधा आज दिसलं.

तिसऱ्यांदा पाय टिकला. ती वर पोचली.

ती खाली आल्यावर मी मूठ उघडली. तळव्यावर बांगड्यांचे वळ उठले होते. तिने हात पुढे केला, मग पलीकडचा उंच कातळ पाहिला आणि हात मागे घेतला.

"राहू देत तुमच्याकडेच."