दुपट्ट्याखालचा पगार

जामच्या फाट्यावर नागपूरची बस लागली तरी बाबा माझी बॅग सोडेनात. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यात मला नोकरी लागली होती, आणि त्यांचा एकच धोशा चालला होता. "पण तिथं तुया पगार ठरवते कोण?"

"समिती असते, बाबा."

"समितीत कोण बसते?"

कंडक्टरनं घंटी मारली म्हणून सुटले! "तीन वर्षांनी येते," मी खिडकीतून ओरडले. त्यावरही त्यांनी मान तिरपी केली, विकायचा बैल पाहताना करतात तशी.

अल्लीपूरच्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आमच्या बाबांचा भरोसा फक्त स्वतःच्या वाडीतल्या वांग्यांवर. बैलबाजारात दलाल दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात अन् मालक बाजूला तोंड पाहत उभा, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. सरकारी पगारही तसेच ठरतात, ही त्यांची पक्की समजूत. "सायबायचा पगार सायबच ठरवतात. आपल्या हातानं आपलं ताट वाढणारा उपाशी राह्यते काय?"

त्यात इंग्लंडच्या आधी मी तिकडेच सरकारी डॉक्टर झाले. खाजगी प्रॅक्टिस करू नये म्हणून सरकार वेगळा भत्ता देतं, हे मी घरी सांगून बसले. "काम न करायचे पैसे? असं कुठं असते काय व?" बाबांनी गावभर केलं. संध्याकाळी घरी आलेल्या पेशंटला मी फी न घेता दवाखान्यात पाठवलं की लोक म्हणायचे, फी सोडते म्हंजे हिची वरची कमाई असंल. असा संताप यायचा! मी देश सोडला तो थोडा त्या संतापातच.

इथं आता शिफ्ट, रोस्टर, पे-स्लिप. डॉक्टरांच्या पगारावरचा समितीचा अहवाल इथं जाहीर होतो, कुणीही वाचावा. व्हिडिओ कॉलवर मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"मंग समिती म्हणते तेवढाच पगार सरकार देते काय?"

खरं ते सांगावंच लागलं. समिती नेमतं सरकार, अन् शेवटचा शब्दही त्याचाच.

"हं," बाबा म्हणाले. "म्हंजे दुपट्टा पातळ हाय, बस."

तेव्हापासून पगारवाढीची बातमी आली की मीही आधी समितीत कोण बसलंय ते शोधते. माझ्यासारखे गाव सोडून आलेले हसतात मला.

तीन वर्षं कधीच उलटली. परवा बाबांचा फोन आला. आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरची जागा निघाली आहे, ठोक मानधनावर. "सरकारनं बरा ठरवला म्हणतात पगार. घेऊन टाक."

मी वाट पाहिली. कोणी ठरवला, समितीत कोण, काही म्हणजे काही बोलले नाहीत. या माणसानं सरकारचा भाव असा डोळे मिटून कधी घेतला नव्हता.

"बाबा, तब्येत बरी हाय ना?"



"तूच येऊन पाह्य," ते म्हणाले. "दुसऱ्या डॉक्टरचा मले भरोसा नाई."

मानधन किती अन् ते कोणी ठरवलं, मी अजून विचारलेलं नाही. तिकीट तेवढं काढलं आहे.