पंधरा मिनिटं पुढे

आमच्या घरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असते. बपेऱ्याकडून येणारी सकाळची गाडी एकदा आमच्या यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली, तेव्हा यांनी रागारागात काटा पुढे सारला. हे गेले, काटा तिथंच आहे. घरातल्या सगळ्यांना मनातल्या मनात पंधरा वजा करायची सवय लागली आहे.

सून पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. आधी व्हीपीएन लावायचा, मग कामाचं सॉफ्टवेअर उघडायचं. व्हीपीएन काय असते, विचारलं तर म्हणाली, इथून थेट ऑफिसात जायची झाकलेली वाट. मला पटलं.

एका सोमवारी ही वाट अडली. व्हीपीएन बंद असला की सॉफ्टवेअर उघडायचं, पण आत ऑफिसचं काहीच दिसायचं नाही. व्हीपीएन लावला की ते तिला आतच घ्यायचं नाही. पासवर्ड तर बरोबर. तिनं दोन्ही काढून पुन्हा टाकले, अँटिव्हायरस बंद केला, मोबाइलचं नेट जोडून पाहिलं. बुधवारी तिच्या साहेबाचा फोन आला, शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर पुण्याला येऊन बसा. बाळ आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं. मुलाचे शेतात धानाचे रोवणे सुरू, तो बांधी सोडून कुठे जाणार. बाळाला नेऊ का ठेवू, हे तिनं मला विचारलं नाही, पण त्या दिवशी जेवली नाही.

मोबाइलवर पाहून पाहून मीही कम्प्युटर शिकली, तर तोंड गप्प कसं बसणार. म्हटलं, "त्या दोघांचं पटून नाही राहिलं, तर एकाले काढून टाक ना."

"आई, तुमच्या-माझ्यासारखं आहे ते," ती म्हणाली. "दोघंही लागतात."

गुरुवारी ऑफिसच्या माणसानं पुण्याहूनच तिचा कम्प्युटर हातात घेतला. मी बाजूला तांदूळ निवडत होती. पडद्यावर बाण आपोआप फिरत होता. तास झाला. मग फोनवर तो सहज म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे किती वाजले?"

सुनेनं कम्प्युटरच्या कोपऱ्यात पाहिलं. "दहा पस्तीस."

"इथं तर दहा वीस झाले."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. रविवारी ती बाळाला न्हाऊ घालत होती, तेव्हा कम्प्युटरची वेळ मला भिंतीवरच्या घड्याळाच्या मागे दिसली. वाटलं, बिचारा मागे पडला; पंधरा वजा करायचं त्या वेळी सुचलंच नाही. आपोआप वेळ घ्यायचं बटण बंद करून मीच तो मिळवून ठेवला. उंबऱ्यातली चप्पल सरळ करावी, तसं. कोणाला काय सांगायचं त्यात!

तो माणूस समजावून सांगत होता, व्हीपीएन लागला की सॉफ्टवेअर ऑफिसला विचारायला जाते, आणि दोघांच्या वेळेत पाच मिनिटांच्या वर फरक दिसला की ऑफिस आत घेत नाही. चार दिवस मी तिला धीर देत होती, आणि घोळ माझ्याच बोटाचा.

"मीच केलं वो बाई," मी म्हटलं.

तिनं आधी वेळ सरळ केली, मग व्हीपीएन लावला. सॉफ्टवेअर उघडलं. मान वळवून म्हणाली, "भिंतीवरचं राहू द्या, आई. ते बाबांचं आहे. याले मात्र हात लावू नका."

आता त्या कम्प्युटरजवळून जाताना मी दोन्ही हात पाठीमागे बांधून जाते.