चौतीस अंशांचं ऊन

आमच्या जानरावाची पोरगी प्रियदर्शनी वर्षभर जर्मनीत राहून आली, हे ठाऊक नसलेला माणूस अकोल्यात आमच्या भावकीत तरी उरलेला नाही. जानरावानं तशी सोयच ठेवली नाही. चहाच्या टपरीवर, विहारात, लग्नाच्या पंगतीत, जिथं माणूस दिसेल तिथं त्यानं सांगितलं. जानराव माझा धाकटा भाऊ, सेंट्रिंगचा मिस्त्री. मी पार्वताबाई, अमरावतीला छत्तीस वर्षं नर्सची नोकरी करून आता घरी बसले आहे. माझी जीभ कडू आहे असं लोक म्हणतात. इतकी वर्षं लोकांना कडू औषधं पाजल्यावर दुसरं काय होणार?

तर त्या वर्षातली एक गोष्ट जानरावाला माहीत नव्हती आणि मला माहीत होती. दहा महिने मी ती पोटात ठेवली. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी मला विचारलंही नाही.

प्रियदर्शनी कॉलेजला माझ्याकडे अमरावतीला होती. समाजकार्याची पदवी घेतली, पण पुस्तकापेक्षा तिचा जीव शिबिरात. दहावीपासून उन्हाळा आला की पोरगी घरात सापडायची नाही. कधी विहाराचं बालशिबिर, कधी धारणीकडच्या आश्रमशाळेतल्या लेकरांचं. जीपच्या मागच्या फळीला लटकून जायची, पंधरा दिवसांनी कोळसा होऊन यायची. पातूरची लेणी पाहायला तिनं एकदा मे महिन्यात भर दुपारी चाळीस लेकरं पायी नेली होती. सगळी हसत परत आली. तेव्हा मी तिला शाबासकी दिली होती, हे इथं कबूल करते.

एका संस्थेनं तिला वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून तिकडे बोलावलं, तेव्हा भावकीत ज्यानं त्यानं आपापली अक्कल पाजळली. पोरगी चोवीस वर्षांची, लग्नाचं पाहा म्हणाले. जानराव सगळ्यांपुढे एवढंच म्हणाला, "माही पोरगी हाय. तिले जायाचं हाय. ते जाईन." विमानतळावर तो रडला नाही. घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलला नाही, असं भावजयीनं, म्हणजे सुंदराबाईनं मला सांगितलं.

तिकडे एका छोट्या गावातल्या मुलांच्या वसतिगृहात तिनं हिवाळा काढला. उन्हाळा आला आणि पोरीला जसे पंख फुटले. जून ते सप्टेंबर तीन शिबिरं, तीन ठिकाणी. पाठीवर एक सॅक, हातात रेल्वेचं तिकीट. पहिलं शिबिर उत्तरेला समुद्राकाठी. तिथून ती तंबूंचे आणि होड्यांचे फोटो पाठवायची. "आत्या, इथं दहा वाजता जेवून बाहेर आलं तरी उजेड राह्यते," असं लिहायची. मी तिला लिहायची, उजेड राहू दे, तू वेळेवर झोप.

दुसरं शिबिर डोंगराच्या पायथ्याशी, जुलैमध्ये. गोष्ट तिथली आहे.

त्या दिवशी संध्याकाळी सहाला मी तुरीची डाळ निवडत बसले होते. तिकडे तेव्हा दुपारचे अडीच वाजलेले. फोन वाजला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज, आणि तोही फाटलेला.

"आत्या, माह्या हातून एक पोरगी मेली असती."

मी सूप खाली ठेवलं. "नीट सांग. रडू मंग."

तिनं सांगितलं ते असं. टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यावर बारा मुलं न्यायची होती, सात किलोमीटर चालत. निघायचं होतं सकाळी आठला. सकाळी तळ्यावर होड्यांचा खेळ लांबला आणि साडेअकरा वाजले. बरोबरची दुसरी ताई, आन्के नावाची, आकाशाकडे पाहून म्हणाली, आज चौतीस अंश आहे, उद्या जाऊ या का? तेव्हा आमची प्रियदर्शनी हसली. चौतीस म्हणजे आमच्याकडे होळीच्या आधीचं ऊन. त्या उन्हात अकोल्यात माणसं स्वेटर धुऊन ठेवतात. ती म्हणाली, "हे कसलं ऊन? आमच्या गावाला या, मग कळेल." मुलं हसली, आन्के हसली. उन्हाच्या गावाहून आलेली बाई म्हणते आहे, तर असेलच बरोबर, असं सगळ्यांना वाटलं. आणि निघाले.

वाट कापणी झालेल्या शेतांमधून होती. सावलीचं नाव नाही. प्रत्येकाजवळ पाण्याची अर्ध्या लिटरची एक बाटली. प्रियदर्शनी पुढे, गाणं म्हणत. तिच्या मागोमाग लेना नावाची अकरा वर्षांची पोरगी. या लेनाला तिचं वेड होतं. तिच्यासारखी वेणी घालायची, तिच्याकडून मराठीत एक ते वीस शिकली होती. दीड तासानं लेना बोलायची थांबली. ताई थांबत नाही तर आपण कशी थांबणार, असं तिच्या मनात. मग तिचा पाय वाकडा पडायला लागला, आणि मग ती उलटी करून मातीत बसली.

"घाम होता का?" मी विचारलं.

"नाई. अंग कोल्लं आन् तव्यासारखं."

घाम थांबला म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या वॉर्डात दर मे महिन्यात असं कुणी ना कुणी यायचं, आणि सगळे चालत घरी जायचे नाहीत.

"मंग काय केलं तू?"

तिनं केलं ते असं. लेनाला उचलून अक्रोडाच्या झाडाखाली नेलं. आन्केनं अँब्युलन्सला फोन लावला. आपल्या अकोल्याच्या पोरी उन्हाळ्यात दुपट्टा सोडत नाहीत. तिकडेही हिच्या सॅकमध्ये दोन दुपट्टे होते, का होते ते तिलाही माहीत नाही. गुरांच्या पाण्याच्या टाकीत ते बुडवले आणि पोरीच्या मानेवर, काखेत, जांघेत ठेवले. सुकले की पुन्हा बुडवले. बाकीच्या मुलांना टोप्यांनी वारा घालायला लावलं. वीस मिनिटांनी अँब्युलन्स आली.

"नाव विचारलं होतं तिले?"

"हो. सांगितलं. माहंबी सांगितलं तिनं, पुरं. प्रियदर्शनी."

"मंग वाचते," मी म्हणाले. नर्सनं असं म्हणायचं नसतं. पण मी तेव्हा नर्स नव्हते.

ती दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसली होती. मी फोन ठेवला नाही. तीन तास फोन नुसता चालू होता. ती नाक ओढायची, मी डाळ निवडायची. शेवटी आन्के बाकीची मुलं शिबिरात सोडून आली, तिचा आवाज आला, मग प्रियदर्शनीचा. लेनाचा ताप उतरला होता आणि ती आइस्क्रीम मागत होती. माझा जीव भांड्यात पडला. सुपातली डाळ पाहिली तर खडे डाळीत आणि डाळ खड्यांत टाकून ठेवली होती.

"आत्या," ती म्हणाली, "बाबाले सांगजो नोको."

मी हो म्हटलं. कशाला हो म्हटलं ते सांगते. आता तिला परत पाठवतील हे दोघींनाही दिसत होतं. जानरावानं अख्ख्या भावकीचं तोंड बंद करून पोरगी पाठवली होती. ती वर्ष पुरं व्हायच्या आधीच असं तोंड घेऊन परत आली असती, तर जानराव कामावर कोणत्या तोंडानं गेला असता?

त्या संध्याकाळी शिबिराचे प्रमुख दोघींना घेऊन बसले. साठीचे गृहस्थ, पूर्वी शाळामास्तर होते म्हणे. त्यांनी विचारलं, भर दुपारी निघायचं कुणी ठरवलं? आन्के भली पोरगी. म्हणाली, आम्ही दोघींनी. प्रियदर्शनी म्हणाली, "नाही. ती मला थांबवत होती. मी हसले." एवढं सांगून ती तंबूत गेली आणि सॅक भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी लेना परत आली, बापाबरोबर. प्रियदर्शनी म्हणते, त्या माणसाला येताना पाहून तिला वाटलं, आता हा मारणार, आणि मारलं तर बरंच होईल. तो मोठा आडदांड शेतकरी. त्यानं हात पुढे केला. म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, ओल्या कापडानं वाचली. त्याबद्दल आभार." हात सोडला नाही. मग म्हणाला, "पुढच्या वेळी तिला विचार. तुझ्या अंगाला नको विचारू."

तिला परत पाठवलं नाही. प्रमुखांनी तिला भरलेली सॅक रिकामी करायला लावली आणि काम दिलं: उन्हाच्या दिवसांत शिबिर कसं चालवायचं, हे पुढच्या ताई-दादांसाठी लिहून काढ. तिनं दोन पानं लिहिली. तिसऱ्या शिबिरात ती दोन पानं स्वयंपाकघराच्या दारावर लावली होती, त्याचा फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. मला जर्मन येत नाही, तरी मी तो बरेचदा उघडून पाहते.

ती परत आली. अकोल्याच्या स्टेशनवर जानरावानं हार घातला, ढोल मात्र मी लावू दिला नाही. मग हिवाळा गेला, आणि मे महिना आला.

मी आठवडाभरासाठी अकोल्याला गेले होते. पारा पंचेचाळीसच्या वर. बारा वाजता जानराव जेवायला घरी आला, सायकल भिंतीला लावली, ताटावर बसला. त्याच्या हाताखाली आठ माणसं. त्या दिवशी स्लॅब भरायचा नव्हता, नुसत्या त्याच्याखालच्या लोखंडी प्लेटा बसवायच्या होत्या, त्या संध्याकाळीही बसल्या असत्या. तरी साडेबाराला तो उठला आणि डोक्याला रुमाल गुंडाळायला लागला. सुंदराबाई दाराशी उभी राहिली. मी त्यांच्या लग्नापासून पाहते आहे, मे महिन्यात ती दुपारी अशीच दाराशी उभी राहते आणि तो येईपर्यंत आडवी होत नाही.

"बाबा, आता नोका जाऊ," प्रियदर्शनी म्हणाली. "चारनंतर जा."

"काहून? आपल्याले सवय हाय."

"श्रावणले हाय का?"

श्रावण म्हणजे त्याच्या टोळीतला सगळ्यात जुना माणूस. गेल्या मे महिन्यात तो प्लेटांवरच आडवा झाला होता. शुद्धीवर आल्यावर जानराव त्याला सगळ्यांपुढे म्हणाला होता, "तू तं लोन्याचा गोया निंगाला गड्या." ही गोष्ट जानराव हसत हसत सांगायचा.

"त्याले काय झालं? उठला ना," जानराव म्हणाला.

मग प्रियदर्शनीनं ती गोष्ट सांगितली. उभ्यानंच. चौतीस अंश, हसणं, अक्रोडाचं झाड, मातीत बसलेली लेना, भरलेली सॅक, तिचा बाप. काही झाकलं नाही. शेवटी म्हणाली, "मी माह्या अंगावरून त्या लेकराचं ऊन मोजलं, बाबा. तुमी आठ मानसाचं मोजून राहिले. श्रावणले कधी विचारलं का तुमी?"

जानरावानं माझ्याकडे पाहिलं. "तुले मालूम होतं, बाई?"

"होतं," मी म्हणाले. "तीन तास फोन धरून बसली होती मी."

त्यानं रुमाल गुंडाळला, सायकल काढली आणि गेला. मला त्याचा इतका राग आला की मी त्याचं ताट उचलून दणकन मोरीत टाकलं. सुंदराबाई दाराशी तशीच उभी राहिली.

पाऊण तासानं सायकलची घंटा वाजली. जानराव आत आला, रुमाल सोडला, घटाघट माठातलं पाणी प्यायला.

"काम बंद करून आलो," तो म्हणाला. "आता पाच वाजता या म्हनलं. उद्यापासून पहाटं साडेपाचले सुरू, अकराले बंद. मालक कुरकुरला. कुरकुरू दे." पेला माठावर पालथा घातला. "श्रावणले विचारलं मी."

"काय म्हने?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"म्हने, मिस्त्री, चार वर्षं झाले, दुपारी डोयापुढं अंधारी येते. म्हनलं, सांगितलं काहून नाई? तं म्हने, तुमी थांबत नाई, मंग आमी कसं थांबाव?"

सुंदराबाईनं दार लोटलं, कूलर सुरू केला, फरशीवर चादर टाकली आणि आडवी झाली. पाच मिनिटांत ती घोरायला लागली. तिचं घोरणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगते, मला रडू आलं.

जानराव कूलरपुढे बसून राहिला. दुपारी घरात बसून काय करतात, हे त्याला माहीत नव्हतं. रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. बऱ्याच वेळानं त्यानं पोरीला विचारलं, "त्या लेकराचं नाव काय म्हनलं तू?"

"लेना."

"बरी हाय ना आता?"

"बरी हाय, बाबा."

"मंग झालं," जानराव म्हणाला आणि बायकोची झोप मोडू नये म्हणून भिंतीकडे सरकून आडवा झाला.