मी घट्ट केलेलं झाकण

१९९१ साली आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा मी सौदीत अल-खोबरला होतो. माझ्यासोबत फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडचा एक स्टोअरकीपर राहायचा. पाच वेळा नमाज पढणारा माणूस. तिथे दारूला सक्त बंदी. मी चोरून बिअर करायचो, हे त्याला माहीत नव्हतं. दुकानात मिळणारं बिननशेचं माल्टचं पेय, साखर आणि पावाचं यीस्ट पाण्याच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये ओतायचं आणि आत वायू साठून कॅन फुटू नये म्हणून झाकण सैल ठेवायचं. एवढंच.

इराकी स्कड क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येईल, असं सगळे म्हणत. म्हणून आम्ही मागच्या खोलीच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. सायरन झाला की ओला टॉवेल घेऊन तिथे बसायचं.

कंपनीने आम्हा इंजिनिअरांना तीन आठवड्यांसाठी दूर हाइल शहरात हलवलं. स्टोअर सोडता येत नाही म्हणून तो मागे राहिला. कॅन नुकताच भरला होता. ओतून देणं जिवावर आलं. वास बाहेर जाणार नाही अशी एकच जागा होती, ती बंद खोली. तिथल्या कपाटात कॅन ठेवला आणि त्याला वास येऊ नये म्हणून झाकण घट्ट पिळलं.

"जावा दादा तुम्ही," तो दारात हसून म्हणाला. "स्कड पडला तर तुमच्या वाटचा पापलेट पण मीच खातो."

"पडला तर खाणार कसा?"

"पडायच्या आधी खातो मग."

आठवड्याने संध्याकाळच्या सायरनला तो त्या खोलीत बसला असताना कॅन फुटला. मोठा आवाज, मग आंबूस वास. गॅस आला असं समजून तो ओरडत जिन्यावरून खाली धावला. सगळी इमारत रिकामी केली. नागरी संरक्षणाची माणसं त्यानेच बोलावून आणली. त्यांनी कपाट उघडलं.

परतल्यावर साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला काही माहीत होतं?"

"मी हाइलला होतो," मी म्हणालो. ते खरंच होतं. पुढे कुणी विचारलं नाही.

तो काही महिने तुरुंगात होता. मग त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करून त्याला घरी पाठवलं. त्याने माझं नाव घेतलं नाही. त्याचे कपडे मी खोक्यात भरून ऑफिसात दिले. त्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखा जेवलो.

गेल्या वर्षी तो वारल्याचं त्याच्या मुलीने फोनवर कळवलं. मग म्हणाली, "काका, गावात लोक अजून बोलतात. अब्बा खरंच प्यायचे का हो?"

"जुनं झालं ते आता, बेटा," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तिला हे लिहून पाठवतो आहे. गावात ज्याला दाखवायचं त्याला तिने दाखवावं. कॅन माझा होता. झाकण मी घट्ट केलं होतं. बेटा, तुझे अब्बा कधीच प्यायले नाहीत.