संकष्टीच्या दिवशी कीमा

आमच्याकडे आठवड्याचा स्वयंपाक शनिवारी सकाळी ठरतो. कागद फ्रिजवर लागतो आणि पुढचे सात दिवस त्याप्रमाणे जातात. सोमवार, गुरुवार, शनिवार शाकाहारी. बाकीचे वार मोकळे. त्या आठवड्यात बुधवारपुढचं मी रविवारी खोडलं आणि फक्त 'कीमा' लिहिलं. कसला, ते लिहिलं नाही. नवरा मटणाचा समजेल हे मला माहीत होतं, आणि तसंच समजावं अशी माझी इच्छाही होती.

कीमा बीफचा होता. दुबईत एकवीस वर्षं काढली तरी ते आमच्या घरात कधी आलं नव्हतं. मासे, कोंबडी, मटण. त्यापुढे आम्ही गेलो नाही, आणि त्यावर बोलायची वेळही कधी आली नाही.

वेळ आली ती मुलीमुळे. ती सोळा वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जेवेनाशी झाली. भांडण नाही, रडणं नाही. ताटातलं इकडून तिकडे सरकवायचं, 'आय ॲम डन' म्हणायचं आणि उठायचं. मग एक दिवस शाळेत चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच खाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मागे लागू नका म्हणून मला बजावलं, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. तोवर सुधारणा नसेल तर मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागेल, असंही म्हणाले. मागे लागायचं नाही म्हटल्यावर मी दुसरं काय करणार? मी यादी केली. फोनमध्ये, वाणसामानाच्या यादीखाली. सकाळी अर्धी पोळी. डबा परत. संध्याकाळी बिस्किटं दोन. रात्री वरणभात, तीन घास. पाच आठवडे झाले होते. वाचायला वेळ लागत नसे, कारण लिहिण्यासारखं फार नसायचं.

त्या रविवारी ती मैत्रिणीकडून आली आणि आपणहून म्हणाली, "मी जेवून आले."

मैत्रीण फिलिपिनो, आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारी.

"काय होतं?" मी भांडी पुसत विचारलं. आवाज साधा ठेवला.

"लेट्यूस रॅप्स. पानात कीमा घालून गुंडाळायचं. इट वॉज नाइस."

"कशाचा कीमा?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "बीफ. जाऊ दे, यू वोन्ट मेक इट."

"बुधवारी करते," मी म्हटलं. विचार त्यानंतर केला.

मैत्रिणीच्या आईने कृती व्हॉइस मेसेजवर पाठवली. वीस मिनिटांचं काम, मॅडम, व्हेरी ईझी. मी ती ऐकून उतरवून काढली, तेरा ओळी झाल्या. मंगळवारी ऑफिसमधून, म्हणजे रास अल खोरहून, येताना मोठ्या दुकानात शिरले. मांसाच्या काउंटरवर उभी राहिले तर आतल्या माणसाने माझी टिकली बघितली आणि अदबीने डावीकडे हात केला. "मॅडम, मटण उधर है."

"बीफ ही चाहिए. कीमा. आधा किलो."

त्याने पुन्हा काही विचारलं नाही. मीच मागे वळून बघितलं, इथल्या मराठी मंडळातलं कोणी नाही ना म्हणून.

बुधवारी साडेपाचला घरी आले. लेट्यूसचा गड्डा फोडला. बरोबर आठ पानं आख्खी निघाली, ती बर्फाच्या पाण्यात टाकली. आलं, लसूण, कांद्याची पात चिरून वाट्यांत ठेवली. सोया सॉस, ऑयस्टर सॉस, थोडी साखर, व्हिनेगर एकत्र केलं. कीमा फ्रिजबाहेर काढला आणि फोन वाजला. नवरा, अल क्वोजच्या वर्कशॉपमधून.

"अगं, आज इथला चंद्रोदय किती वाजता? मंडळाच्या ग्रुपवर आलं असेल, बघ ना. कॅलेंडरवर मुंबईचा असतो."

मी भिंतीकडे बघितलं. संकष्टी.

आमच्याकडे संकष्टी कोणी धरत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी त्याने अचानक सुरू केली होती, कारण विचारलं तर 'सहज' म्हणाला होता. माझ्या कुठल्याच यादीत ती अजून गेली नव्हती. वार बघून मी मोकळी झाले, तिथी बघितलीच नाही. समोर ओट्यावर अर्धा किलो बीफ, आणि देव्हारा तीन हातांवर.

"तू आहेस का?" तो म्हणाला.

"आहे. ऐक. कीमा बीफचा आहे."

वर्कशॉपमधली ग्राइंडरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "आज?"

"तिने मागितलाय. तोंडाने मागितलाय. आज नाही केला तर पुन्हा मागेल की नाही मला माहीत नाही."

"उद्या?"

"उद्या गुरुवार."

"हो, ते आहेच," तो म्हणाला. थोडं थांबून, "आपला गॅस एकच आहे गं."

"बाल्कनीत करते. बांगड्याच्या शेगडीवर."

"बरं," तो म्हणाला. त्या 'बरं'चा अर्थ मला लागला नाही. फोन बंद झाला.

मासे तळले की कॉरिडॉरमध्ये वास जातो आणि वॉचमन दारावर येतो, म्हणून बाल्कनीत विजेची शेगडी आणि एक जुनी कढई कायमची ठेवली आहे. मी नवी यादी केली. आधी गॅसवर कुकर, वरण आणि भात. मग फ्रीझरमधले मोदक उकडायला. ते होईपर्यंत बाहेर कीमा. बाहेरचे चमचे आत आणायचे नाहीत. प्रत्येक वेळी हात धुवायचे.

ऑक्टोबर असला तरी बाल्कनीत घाम निथळत होता. कढई तापली, कीमा टाकला. मोठी आच, झाकायचं नाही, हे कृतीत दोनदा सांगितलं होतं. तरी माझ्या हाताने झाकण उचललंच. आमचा कीमा झाकूनच शिजतो. झाकण खाली ठेवलं. मग मसाल्याचा डबा आणायला वळले, हळदीसाठी. परत फिरले. आलं-लसूण पडलं, वास बदलला, सॉस ओतला. कडेने बुडबुडे आले, रंग काळपट झाला. तिळाचं तेल शेवटी. आता मीठ बरोबर आहे की नाही ते कसं कळणार? दोन्ही सॉस खारट, आणि मी ते आधी कधी वापरले नव्हते. खारट झालं तर ती ताट सरकवणार, आणि मग कुठलीही यादी मला वाचवणार नव्हती.

मी चमच्याच्या टोकावर थोडं घेतलं आणि तोंडात टाकलं. मीठ ठीक होतं. बाकी कसं लागलं ते कळायला मी थांबले नाही. आत जाऊन चूळ भरली, हात धुतले, मोदक उतरवले.

सव्वाआठला मुलगी बाल्कनीत खाली मांडी घालून बसली. आत देवापुढे मोदक ठेवले होते, तेव्हा हे बाहेरच. तिला त्यात गंमत वाटली. "सो आय ॲम इन एक्झाइल."

"पिकनिक समज," मी म्हटलं आणि आत गेले. उभं राहून बघायचं नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं.

नवरा आला, अंघोळ करून देवापुढे बसला, आरती केली. पावणेनऊला चंद्रोदय. चंद्र बघून जेवायचं, आणि चंद्र दिसला तर फक्त आमच्या बाल्कनीतून, समोरच्या दोन इमारतींच्या फटीत. हे माझ्या यादीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत पाण्याचा तांब्या घेऊन तो बाहेर गेला.

सरकत्या दाराआड मी मोदकांची ताटली धरून उभी राहिले.

"बाबा, वॉन्ट वन?" मुलगी म्हणाली.

"आज नको."

"उद्या?"

"उद्याही नको. जास्त लाडात येऊ नकोस."

ती हसली. हे हसू मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. मग तिने विचारलं, "तू काय खाल्लंस आज?"

"चहा. दोन केळी."

"दॅट्स ऑल? आणि तुझी लिस्ट कोणी करत नाही?"

"कसली लिस्ट?"

"आई करते ना माझी. 'डबा परत. तीन घास.' ग्रोसरीच्या खालीच आहे. ती यादी आपल्या तिघांच्या फोनवर दिसते, बाबा. मी रोज वाचते."

मी ताटली खाली ठेवली. वाणसामानाची यादी तिघांत वाटून मीच दिली होती, दूध संपलं तर कुणीही लिहावं म्हणून. त्याच यादीच्या खाली मी पाच आठवडे तिचे घास मोजत होते.

बाहेर नवऱ्याने तांब्या कठड्यापाशी ठेवला. "ती घाबरली आहे गं," तो म्हणाला. "घाबरली की लिहिते. तुझा जन्म झाला तेव्हा तुझ्या शिंकासुद्धा लिहायची."

"अँड यू?"

"मी कुठे लिहितो? मी उपास करतो."

"फॉर मी?"

तो समोरच्या फटीत चंद्र शोधू लागला. ती म्हणाली, "म्हणजे मी खावं म्हणून तू खात नाहीस? बाबा, दॅट मेक्स नो सेन्स!"

"हो," तो म्हणाला. "तसं बघितलं तर नाही."

फटीत चंद्र आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. धुळीमुळे तो तांबूस दिसत होता. नवऱ्याने चंद्राला पाणी सोडलं. "आई, दाराआड उभी राहू नकोस," मुलगी ओरडली, "याला जेवायला दे."

तो तिथेच, तिच्यापासून हातभर अंतरावर, वरणभात जेवला. शेगडी आणि कढई दोघांच्या मध्ये होती. नंतर मी ताटं उचलली. पानं आठ ठेवली होती, उरली तीन. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजली.

यादी पुसून टाकावी म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये अकरा वाजता फोन उघडला. तिने माझ्या आधी ती उघडली होती. वाणसामानात दोन नोंदी वाढल्या होत्या: लेट्यूस, कांद्याची पात. खाली तिच्या बुधवारपुढे पाच रॅप. त्याखाली 'बाबा: चहा, २ केळी, वरणभात, मोदक ४'. आणि त्याखाली 'आई:', पुढे काही नाही.

बुधवारी मी काय खाल्लं होतं? सकाळी चहा. दुपारी मीटिंग होती. रात्री दोघांना वाढलं, ओटा पुसला. मला आठवेना. मग आठवलं. हे तिघांना दिसणार होतं, आणि त्यातल्या एकाचा काल उपास होता. तरी लिहिलं: 'कीमा, चमच्याचं टोक, चवीपुरता.'

येत्या मंगळवारी रक्त तपासायचं होतं. ते काय येईल ते येईल. मी फोन उलटा ठेवला आणि इन्व्हॉइस काढायला घेतली. पंधरा मिनिटांनी तो वाजला. नवऱ्याचा मेसेज होता.

'मीठ बरोबर होतं का?'