अहमदपूरला उतरवलेल्या तोफा

माझं काम लोकांच्या घरांचे नकाशे काढायचं. ऑफिस लातूरला. संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की त्याच कॉम्प्युटरवर मी युद्धनौका काढतो. तसं कुणी सांगितलेलं नाही.

जगात अशी काही माणसं आहेत, जी इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये जमून कधीच न बांधलेल्या जहाजांचे नकाशे काढतात आणि एकमेकांच्या चुका दाखवतात. पहिल्या महायुद्धानंतर मोठ्या देशांनी तह केला आणि मोठ्या तोफांच्या कितीतरी नौका अर्धवट सोडल्या. त्यातल्या थोड्यांच्या तोफा काढून त्यांची विमानवाहू जहाजं केली, बाकीच्या भंगारात गेल्या. त्या गेल्या नसत्या तर कशा दिसल्या असत्या, एवढाच आमचा विषय. लातूरपासून समुद्र लांब आहे आणि एका उन्हाळ्यात आमच्याकडे प्यायचं पाणीसुद्धा रेल्वेनं आलं होतं, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

माझी अशी एक नौका होती. पुढच्या अर्ध्या भागावर विमानांसाठी सपाट डेक, मागच्या अर्ध्यात तोफांचे दोन बुरुज तसेच ठेवलेले. मला ती आवडायची. ग्रुपमधल्या एकाला आवडायची नाही. एका समुद्रपक्ष्याचं नाव टोपणनाव म्हणून घेऊन तो लिहायचा, अदबशीर इंग्रजीत. त्याचा प्रश्न ठरलेला : उडालेली विमानं उतरणार कुठं? मी लिहायचो, पाण्यावर उतरतील, क्रेननं उचलून घेऊ. तो लिहायचा, समुद्र खवळलेला असला तर? मग मी क्रेन मोठी करायचो. अशी दोनेक वर्षं गेली. माझ्या डोळ्यांसमोर इंग्लंडातला एखादा निवृत्त नौदल अधिकारी होता, पांढऱ्या मिशांचा.

एकदा मी कागदावर काढलेल्या नकाशाचा फोटो टाकला. मागं भिंतीवरचं किराणा दुकानाचं कॅलेंडर त्यात आलं. थोड्या वेळानं त्या अधिकाऱ्याचा निरोप आला, मराठीत.

"तुम्ही लातूरचे का? मी नांदेडची. माझं मेडिकलचं दुकान आहे. भेटून एकदाचं मिटवू या."

मी बायकोला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं.

"बाई हाय म्हणायची ही," ती म्हणाली. "मी बी येते."

अहमदपूर दोघांना मधलं पडतं. ठरलेल्या रविवारी आम्ही एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. नांदेडच्या गाडीतून साठीच्या एक बाई उतरल्या. खांद्याला पर्स, हातात प्लास्टिकची नळी, नकाशे ठेवायची. त्यांनी मला लगेच ओळखलं, कारण माझ्याकडेही तसलीच नळी होती.

"मला वाटायचं तुम्ही नॉर्वेचे," त्या बसता बसता म्हणाल्या. "फार हट्टी लिहिता."

बायकोनं विचारलं, "ताई, तुम्हाला हे कुठून लागलं?"

"दुपारी एक ते चार दुकानात गिऱ्हाईक नसतं. मोबाइलवर वाचलं, की एवढाल्या नौका अर्ध्या बांधून मोडून टाकल्या. मी म्हटलं, चांगलं लोखंड वाया कसं घालवायचं? काहीतरी करता आलं असतं. तेव्हापासून बघून राहिलेय."

दोन टेबलं जोडून मी नकाशा पसरला. लांबच्या लांब पट्टा, मधून तुटक रेघ. चहा यायच्या आत चार-सहा माणसं भोवती उभी राहिली. फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं डेकवर बोट ठेवलं.

"बायपास कुठून चाललाय सायेब? किती जमीन चालली?"

"बायपास नाही, हे जहाज आहे," मी म्हणालो.

कुणीच हसलं नाही. म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "सांगायचं न्हाई म्हणून कायबी सांगतेत." शेजारच्यानं दोन्ही बुरुजांकडे बघून विचारलं, "ह्ये दोन टोलनाके का?"

बाई उठल्या आणि दुकानात गोळ्या कधी घ्यायच्या हे सांगतात त्या आवाजात म्हणाल्या, "बाबा, तुमचं एक ढेकूळबी जात नाही. मी सांगते. जावा निवांत." म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं, मान हलवली आणि सगळे पांगले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता बोला. हे बुरुज कशाला ठेवलेत? खरं सांगा. क्रेनचं नका सांगू."

खरं उत्तर मी कुणाला दिलेलं नव्हतं. मला कुणी विचारलंही नव्हतं. मी म्हणालो, "दिवसभर लोक सांगतात ते काढतो. इथं संडास नको, जिना तिकडून घ्या, देवघर फिरवा. मी फिरवतो. हे एकच असं आहे, की ज्यात कुणाचं ऐकावं लागत नाही."

बायको चहात बिस्किट बुडवत होती, तिचा हात थांबला. बाईंनी नकाशाचं गुंडाळू लागलेलं टोक हातानं दाबून धरलं.

"मग ठेवा की," त्या म्हणाल्या. "आधी सांगायचं. मी उगंच डोकं खाल्लं तुमचं."

त्यानंतर दोघी गुडघेदुखीवर बोलल्या आणि फोन नंबर घेतले. बाईंनी जाताना नकाशाची एक प्रत मागून घेतली.

मी जिंकलो होतो. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात नौका उघडली, तर काही सुचेना. पुढचे कित्येक दिवस बाईंनी ग्रुपवर माझ्या नौकेबद्दल अक्षर लिहिलं नाही. इतरांनी छान म्हटलं, त्यानं काही वाटलं नाही. एका संध्याकाळी मी बराच वेळ मागच्या बुरुजांकडे बघत बसलो. खरंच, विमानं उतरणार कुठं? पहिल्यांदाच तो प्रश्न मला त्यांचा न वाटता माझा वाटला. मी दोन्ही बुरुज पुसले, डेक मागच्या टोकापर्यंत ओढला आणि चित्र बाईंना पाठवलं. थोडं वाईट वाटलं. जास्त नाही.

लगेच फोन आला.

"अहो, हे काय केलंत! एवढं वजन मागून काढलं, आता शेपूट वर अन् नाक पाण्यात. मागच्या टाक्यांत पाणी भरा."

"किती?"

"लातूरच्या माणसानं विचारू नये एवढं."

महिनाभर आमची हुज्जत चालली, आता मराठीत. बाईंनी विमानांच्या पेट्रोलच्या टाक्या मागं घ्यायला लावल्या. धुराडं एका बाजूला सारायचं माझं मी ठरवलं आणि त्यावर ऐकून घेतलं नाही. शेवटी नौका दोघांच्या टोपणनावांनी ग्रुपवर टाकली. एका परदेशी माणसानं धुराड्याला नावं ठेवली. बाईंनी त्याला अदबशीर इंग्रजीत लांबलचक उत्तर दिलं.